मंदीतील लेखणी आणि गुलामांच्या साक्षी

१९२९ साली न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला आणि १९३३ पर्यंत अमेरिकेतील दर चार कामकऱ्यांमागे सुमारे एक जण बेकार झाला. रूझवेल्ट यांच्या सरकारने रस्ते, पूल, शाळा यांच्या बांधकामांवर लक्षावधी हात गुंतविले. परंतु लेखणीवर पोट असणाऱ्यांचे काय? त्यांच्याकरिता जुलै १९३५ मध्ये ‘फेडरल रायटर्स प्रोजेक्ट’ ही योजना निघाली. आपल्याकडील दुष्काळी कामांचीच ही जातकुळी. खडीऐवजी येथे माहिती फोडावयाची होती, इतकेच!

हेन्री ऑल्सबर्ग या योजनेचे संचालक होते. रिचर्ड राइट, राल्फ एलिसन, झोरा नील हर्स्टन अशी पुढे गाजलेली नावे तिच्या हजेरीपटावर आढळतात. पण बहुसंख्य मंडळी साधे वार्ताहर, शिक्षक, कारकून अशी होती. प्रत्येक राज्याचा परिचयग्रंथ सिद्ध करणे हे त्यांचे मुख्य काम होते आणि ते त्यांनी नेटाने केले. तथापि या योजनेचे खरे धन निराळेच आहे.

गुलामगिरी १८६५ मध्ये संपली होती. ती भोगलेली माणसे आता ऐंशीच्या पुढे गेली होती. १९३६ ते १९३८ या काळात १७ राज्यांतून अशा २,३०० हून अधिक स्त्रीपुरुषांच्या आठवणी टिपल्या गेल्या. मात्र टिपणारे बहुतांशी गोरे होते, ही गोष्ट वाचकाने क्षणभरही विसरू नये. चार्ल्सटन येथील शंभरीतील सुसान हॅम्लिन हिची मुलाखत दोघांनी घेतली. जेसी बटलर ही गोरी बाई गेली, तेव्हा म्हातारीला ती सरकारी मदत कचेरीतील वाटली. साहजिकच धनी दयाळू निघाला. ऑगस्टस लॅडसन हा कृष्णवर्णीय लेखक गेला, तेव्हा त्याच तोंडून चाबकाचे फटके, विकली गेलेली माणसे आणि आयांचा आक्रोश बाहेर पडला. यांपैकी कोणती साक्ष खरी, असे विचारणे मला उथळ वाटते. उपाशी माणूस मदत देणाऱ्यासमोर काय बोलतो, हेही इतिहासाचेच साधन आहे.

१९३९ मध्ये केंद्राचा पैसा आटला. राज्यांच्या आधाराने काम १९४३ पर्यंत रेंगाळले. आठवणींची टंकलिखिते काँग्रेसच्या ग्रंथालयाने सांभाळली आणि १९४१ मध्ये त्यांचे १७ खंड बांधले. तीस वर्षे ते फारसे कोणी उघडले नाहीत. १९७२ पासून ते छापून येऊ लागले आणि गुलामगिरीचा इतिहास नव्याने लिहिणे भाग पडले. म्हातारीच्या दोन्ही मुलाखती त्यांत आहेत. एकीत तिचे आडनाव हॅम्लिन, दुसरीत हॅमिल्टन असे पडले आहे. नोंदणाऱ्यांनी ते दुरुस्त केले नाही, हे बरेच झाले.