चलच्चित्र आणि व्यापार

आपल्या मालाचें किंवा कलेचें चलच्चित्र लोकांपुढें मांडून धंदा वाढविण्याची युक्ति आंतरजालाबरोबरच जन्मास आली, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः महाराष्ट्रांत तिचें मूळ १९१२ सालीं, कुंडींतल्या एका वाटाण्याच्या रोपांत सांपडतें.

धुंडिराज गोविंद फाळके यांनीं विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून विलायतेचा प्रवास केला आणि त्या वर्षीं ते चित्रपटाची विद्या शिकून मुंबईस परतले. विल्यमसन कंपनीचा कॅमेराहि त्यांनीं मिळविला. भांडवल मात्र नव्हतें. आणि अनोळखी धंद्यांत पैसा घालावयास कोण धजणार? फाळक्यांनीं वाटाणा पेरला व तो वाढत असतां ठराविक अवकाशानें त्याचीं छायाचित्रें टिपलीं. कित्येक दिवसांची वाढ पडद्यावर पाहतां पाहतां उलगडली. ‘अंकुराची वाढ’ हें तें चित्र. तें पाहून यशवंतराव नाडकर्णी यांनीं कर्ज देण्याचें मान्य केलें आणि ३ मे १९१३ रोजीं ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्यें झळकला.

त्या चित्रांत आत्मस्तुतीचा शब्दहि नव्हता. सावकाराच्या मनांतला संशय एकच होता : हा मनुष्य बोलतो तें करूं शकेल काय? त्याचें उत्तर रोपट्यानें दिलें.

पुढें २३ एप्रिल २००५ रोजीं यूट्यूबवर पहिली चित्रफीत चढली. ती अवघ्या १९ सेकंदांची होती. आतां चित्रगृह नको, धनिकाची ओळखहि नको. मधुरा बाचल यांनीं पाककृतींच्या चित्रफितींनीं मराठी घराघरांत विश्वास संपादन केला आणि त्याच नांवावर पुढें मसाले बाजारांत आणले. नगर जिल्ह्यांतील सारोळा कासार येथील सुमन धामणे ‘आपली आजी’ म्हणून २०२० सालीं लोकांस परिचित झाल्या. परंतु त्याच वर्षीं त्यांची वाहिनी चोरट्यांनीं बळकाविली. ती परत मिळेपर्यंत सारे श्रम पणास लागले होते.

ह्यांत एक जुना धोका दडलेला आहे. १९१८ सालीं भागीदारांसह हिंदुस्थान फिल्म कंपनी उभी राहिल्यावर मतभेद झाले आणि खुद्द फाळके कांहीं काळ तिच्यापासून दूर गेले. कला एकाची व मंच दुसऱ्याचा असला, म्हणजे कलावंताचा पाय नेहमींच अधांतरीं राहतो.

म्हसळ्याच्या परिसरांत हा विचार विशेष लागू पडतो. माणगांवाहून श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर यांकडे जाणारा प्रवासी ह्या गांवावरून पुढें जातो. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळानें ह्या किनाऱ्यावरील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. पोफळ पुन्हा फळावयास वर्षें लागतात. तोंवर पाहुण्यांच्या राहण्याजेवणाची सोय हाच पुष्कळांस आधार. अशा यजमानानें आपलें अंगण, स्वयंपाकघर आणि नव्यानें लावलेलें रोप जसेंच्या तसें दाखवावें. मात्र पाहुण्यांचीं नांवें व पत्ते स्वतःच्या वहींतहि टिपून ठेवावे. वाहिनी बुडाली तरी ओळख बुडतां कामा नये.