केअर

केअर : इंग्रजीतील प्राचीन शब्द, नाम व क्रियापद. आज तो काळजी, निगा, आस्था या अर्थांनी परिचित आहे. जुन्या इंग्रजीत (सु. ४५० ते ११००) ‘करु’ किंवा ‘चेअरु’ या रूपांतील नामाचा मुख्य अर्थ मात्र दुःख, शोक, मनाला लागलेला घोर असा होता.

या शब्दाचे मूळ जर्मानिक आहे. जुन्या उच्च जर्मनमधील ‘खारा’ म्हणजे विलाप. येशूच्या क्रूसारोहणाच्या शुक्रवाराला जर्मन लोक आजही ‘कारफ्रायटाग’ म्हणतात. त्यातला ‘कार’ तोच. मूळ धातू मोठ्याने हाक मारणे, आक्रंदणे या अर्थाचा असावा, असे बहुतेक भाषाभ्यासक मानतात. म्हणजे आधी उघड आक्रोश होता, मग त्याचे मनातले दुःख झाले.

हे दुःख जुन्या इंग्रजी काव्यात भेटते. दहाव्या शतकातील एक्सेटर हस्तलिखितात ‘द वाँडरर’ आणि ‘द सीफेअरर’ ही काव्ये आहेत. पहिल्यातील धनी गमावलेला भटका ‘विंटरचेअरिग’, म्हणजे हिवाळ्यासारख्या खिन्नतेने ग्रासलेला आहे. दुसऱ्यातील दर्यावर्दी ‘ब्रेओस्टचेअरु’, उरातले दुःख, सोसतो. एवढ्या घट्ट समासांत इतके एकाकीपण मावते, ही त्या कवींची थोर कामगिरी आहे. यातल्या ‘चेअरिग’ (दुःखी) या विशेषणाचे पुढे ‘चेअरी’ झाले; त्याचा आजचा अर्थ सावध, हात राखून वागणारा.

लॅटिन ‘कूरा’ (काळजी, देखभाल) हे याचे मूळ समजणे चूक आहे. ध्वनी व अर्थ जवळचे असले, तरी दोन्ही कुळे वेगळी. ‘क्युअर’ आणि ‘सिक्युअर’ हे शब्द ‘कूरा’पासून आले. ‘सिक्युअर’चा शब्दशः अर्थ चिंतेविना, जुन्या इंग्रजीतील ‘कारलेआस’, आजचे ‘केअरलेस’, याचाही अर्थ तोच. एक सुरक्षिततेकडे गेला, दुसरा निष्काळजीपणाकडे.

शोकाकडून देखभालीकडे झालेली वाटचाल सरळ रेषेत दाखवणे योग्य नाही. चौथ्या शतकातील वुल्फिलाच्या गॉथिक बायबलात मजुरीवर ठेवलेल्या राखणदाराला मेंढरांची पर्वा नसते, तिथे हाच शब्द येतो. आस्थेची छटा तेव्हाही होती. इंग्रजीत सांभाळ, जबाबदारी हा अर्थ सु. १४०० पासून रुळला. मराठीतही काळजी ‘वाटते’ आणि ‘घेतली’ही जाते, केअरमध्ये या दोहोंबरोबर शोकाचा तिसरा, सर्वांत जुना थर आहे.