चिठ्ठी, दाखला आणि जासईचा उमेदवार

'क्लीन चिट' हा शब्द मराठी वृत्तपत्रांत इतका रुळला आहे की तो आपल्याच घरचा पाहुणा आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. मूळ शब्द 'चिठ्ठी'. कंपनी सरकारच्या काळात साहेब लोकांनी तो उचलला, त्याची शेपटी छाटली आणि 'चिट' असा तो इंग्रजीत गेला. १८८६ साली निघालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दकोशात त्याचा एक अर्थ पत्र असा आहे, तर दुसरा नोकराला धन्याने दिलेला दाखला असा. बटलर, आया, मोतद्दार या मंडळींनी जुन्या धन्याच्या चिठ्ठ्यांचा जुडगा फडक्यात बांधून नव्या धन्याच्या पडवीत उभे राहायचे, अशी ती रीत होती. चिठ्ठीत काय लिहिले आहे हे बहुतेकांना वाचता येत नसे. ज्याच्याविषयी लिहिले आहे त्याला न कळणारा मजकूर त्यानेच जपून वागवायचा, ही या व्यवस्थेची पहिली खूण. मोठ्या कंपन्या नोकरी देण्यापूर्वी उमेदवाराची जी 'पार्श्वभूमी-पडताळणी' करतात तिचा विचार करताना आम्हांला हा जुडगा वारंवार आठवतो.

त्याहून जुनी पद्धत जामिनाची. शिवाजी महाराजांच्या पायदळाविषयी लिहिताना ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात नोंदवले आहे की, आधीपासून चाकरीत असलेला माणूस जामीन राहिल्याखेरीज नवा माणूस ठेवून घेत नसत. येथे माणसाची हमी माणूसच देतो, आणि हमी देणारा स्वतः गुंतलेला असतो. मुंबईच्या गिरण्यांतील जॉबर किंवा मुकादम हा याच पद्धतीचा बिघडलेला वारस. गावचा, भावकीचा माणूस आणून तो खात्यावर उभा करी आणि त्याबद्दल दस्तुरी घेई. व्हिटली आयोगाने १९३१ च्या अहवालात या भरतीवर कोरडे ओढले, आणि १९३५ मध्ये गिरणी मालकांनी बदली कामगारांसाठी कार्डाची पद्धत आणली. हमी माणसाकडून कागदाकडे गेली ती येथे. कोकणातील खलाशांच्या बाबतीत ती त्याआधीच गेली होती. बोटीवरून उतरताना खलाशाच्या नोंदीत काम आणि वर्तन यांविषयी शेरा पडे. कप्तानाने 'अभिप्राय देण्यास नकार' असा शेरा मारला की पुढची बोट मिळणे अवघड. आरोप नाही, चौकशी नाही, आणि शिक्षा मात्र पुरी!

'मुलाखत' या शब्दाचाही प्रवास पाहण्यासारखा आहे. जुन्या दरबारी पत्रव्यवहारात मुलाखत म्हणजे भेट. दोन सरदारांची होई, त्यात मानपान, विडे, कोण किती पावले पुढे आले याचा हिशेब असे. आज शब्द तोच राहिला, पण पावले एकाच बाजूने चालायची आणि प्रश्न दुसऱ्याच बाजूने विचारायचे.

या सगळ्याचा विचार आम्ही जासईवरून करू इच्छितो, त्याला कारण आहे. उरण तालुक्यातील हे गाव दि. बा. पाटील यांचे जन्मगाव. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या भागांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्याचे ठरले. पुढे न्हावा-शेवा बंदरासाठी याच पट्ट्यातील जमीन लागली. भाताची खाचरे, मिठागरे आणि खाडी यांवर जगणारा आगरी-कोळी समाज मोबदल्यासाठी उभा राहिला, आणि १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी झालेल्या पोलीस गोळीबारात चिर्ले, धुतूम व पागोटे या गावांचे पाच शेतकरी मारले गेले. जासईत त्यांचे स्मारक आहे, दर १६ जानेवारीला तेथे अभिवादन होते. साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना या लढ्यातून निघाली, हे सर्वश्रुतच आहे. बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले.

लढा जमिनीच्या भावाचा होता तसाच नोकरीचाही होता. जमीन गेली की शेतकऱ्याचा मुलगा उमेदवार होतो. उमेदवार झाला की त्याला पहिला प्रश्न येतो तो 'तू इथला कशावरून?' हा. प्रकल्पग्रस्ताचा दाखला काढायचा तर संपादनापूर्वीचा सात-बारा हवा, नंतरचा हवा, फेरफार हवेत, कमी-जास्त पत्रक हवे, निवाड्याची नोटीस हवी, वारसाचा दाखला हवा. राज्य शासनाच्या नोकरभरतीत प्रकल्पग्रस्तांना ५ टक्के समांतर आरक्षण आहे. पण दाखला एका खात्यामागे एक, लाभ घेणारा एक. आजोबांच्या नावाच्या सात-बाऱ्याला तीन मुलगे आणि आठ नातू असले तर त्या आठांतून एकाचे नाव काढायचे काम सरकार करत नाही, ते घराने करायचे. अशा घरांत मुलाखत आधी ओटीवर होते. तिच्यात पडलेल्या भावाचे पुढे काय होते याचा इतिहास कुणी लिहिलेला नाही, आणि आमच्या कादंबरीकारांनीही त्या ओटीकडे फारसे पाहिलेले नाही.

या कागदांतून पार पडल्यावर दुसरा कागद येतो, तो साक्षांकन नमुना, म्हणजे अटेस्टेशन फॉर्म. त्यात आपल्याला कधी अटक झाली होती काय, आपल्यावर खटला चालला काय, चालू आहे काय, असे प्रश्न असतात, आणि उत्तर खोटे निघाल्यास नोकरी जाईल अशी ताकीद. गेल्या पाच वर्षांतील सर्व पत्ते मागितलेले असतात, आणि मूळचा पाकिस्तानातला असल्यास तिकडचा पत्ताही. फाळणीनंतरच्या भीतीचा हा रकाना दशकानुदशके टिकून राहिला. सरकारी नमुना हा असा असतो. त्यात भीती भरता येते, काढून टाकायला मात्र कुणाला सवड होत नाही.

पहिला कागद म्हणतो, तू या मातीतला आहेस हे सिद्ध कर. दुसरा विचारतो, या मातीत जे घडले त्यात तू नव्हतास ना? ज्या गावाने आंदोलन केले त्या गावात खटले होणारच. जमावबंदी मोडणे, रस्ता अडवणे, सरकारी कामात अडथळा आणणे ही कलमे आंदोलनाच्या पाठोपाठ येतात, आणि फिर्यादीत ओळखीच्या नावांच्या शेवटी 'व इतर' असे लिहिलेले असते. त्या 'इतर' मध्ये पुढे कोण येईल हे त्या वेळी सांगता येत नाही. शासन वेळोवेळी राजकीय व सामाजिक आंदोलनांतील खटले मागे घेण्याचे निर्णय काढते, त्यामागे तरुणांच्या नोकऱ्यांची अडचण हेही एक कारण असते. परंतु खटला मागे घेतला म्हणजे रकान्यातला प्रश्न मिटला असे होत नाही. प्रश्न 'खटला झाला होता काय' असाच असतो.

न्यायालयांनी या प्रश्नाशी बरीच झुंज घेतली आहे. जासईच्या गोळीबाराच्या अकरा महिने आधी, फेब्रुवारी १९८३ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातील रामशंकर रघुवंशी या शिक्षकाच्या प्रकरणात निकाल दिला. पूर्वी संघ व जनसंघ यांच्या कार्यात भाग घेतल्याचा पोलीस अहवाल आला म्हणून त्याची नोकरी गेली होती. न्या. चिन्नप्पा रेड्डी यांनी पोलिसांच्या अशा गुप्त अहवालांवर नोकरी ठरवण्याची रीत राज्यघटनेच्या मूलभूत हक्कांशी विसंगत ठरवली आणि शिक्षकाच्या बाजूने निकाल दिला. निकालाचा उपरोध मुळातून वाचावा असा आहे.

त्याहून आमच्या वाचकांना जवळचा वाटेल तो २०११ चा निकाल. दिल्ली पोलिसांत भरती होऊ पाहणाऱ्या तरुणाने आपल्यावरील जुना खटला लपवला होता. खटल्यातून तो सुटलेलाही होता. न्या. मार्कंडेय काटजू यांनी त्याला दिलासा देताना व्हिक्टर ह्यूगोच्या 'ले मिझराब्ल' मधील जाँ व्हालजाँची आठवण दिली. भाकरी चोरली म्हणून आयुष्यभर चोर ठरलेला तो माणूस. ह्यूगोची ती कादंबरी ज्यांनी वाचली आहे त्यांना त्याचा पिवळा परवाना आठवेल. जिथे जाईल तिथे तो दाखवायचा, आणि दाखवला की खाणावळीचे दार बंद. न दाखवावा तर तोच नवा गुन्हा. पार्श्वभूमी-पडताळणीची अख्खी कोंडी ह्यूगोने १८६२ मध्ये एका कागदाच्या रंगात मांडून ठेवली होती.

मात्र न्यायालयाची दया ही साहित्यकृतीच्या आधारावर फार काळ उभी राहत नाही. वेगवेगळ्या खंडपीठांचे निकाल परस्परविरोधी होऊ लागले, तेव्हा २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी सूत्रे घालून दिली. उमेदवाराने दिलेली माहिती खरीच असली पाहिजे. पण क्षुल्लक प्रकरण असेल, तर माहिती दडवल्याकडे किंवा चुकीची दिल्याकडे मालकाला स्वविवेकाने दुर्लक्ष करता येईल. क्षुल्लकाचे उदाहरण म्हणून न्यायालयाने दिले आहे ते लहान वयात घोषणा दिल्याचे. जासईसारख्या गावाच्या दृष्टीने हे उदाहरण दिलाशाचे आहे, आणि थोडे विचित्रही. ज्या घोषणांच्या पाठोपाठ पाच माणसे मेली त्या क्षुल्लक ठरल्या तरच त्या देणाऱ्याच्या मुलाचा मार्ग मोकळा होतो. शिवाय 'स्वविवेकाने' हा शब्द आहेच. तो उमेदवाराच्या हातात नाही.

खासगी कंपन्यांनी ही पडताळणी सरकारकडून घेतली असे आपण समजतो, ते अर्धेच खरे आहे. १९१४ मध्ये हेन्री फोर्डने दिवसाला ५ डॉलर मजुरी जाहीर केली तेव्हा तिच्याबरोबर 'समाजशास्त्र विभाग'ही उघडला. त्याचे निरीक्षक कामगाराच्या घरी जाऊन तो दारू पितो का, बचत करतो का, घर स्वच्छ ठेवतो का हे पाहत आणि त्यावर वाढीव मजुरी ठरे. आपल्याकडे हा व्यवसाय फोफावला तो पुण्यातील एका बीपीओ कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी परदेशी बँक-ग्राहकांची फसवणूक केल्याचे एप्रिल २००५ मध्ये उघड झाल्यावर. पुढच्याच वर्षी नॅसकॉमने कर्मचाऱ्यांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. बंदरांच्या बाबतीत १ जुलै २००४ पासून जहाजे व बंदरे यांच्या सुरक्षेची आंतरराष्ट्रीय संहिता लागू झाली होती. न्यूयॉर्कचे मनोरे पडले त्याचा एक परिणाम असा की, उरणच्या तरुणाच्या गेटपासाला पोलिसांचा दाखला जोडणे आले. दरम्यान बंदरातील टर्मिनले एकामागून एक खासगी झाली. २०२२ मध्ये बंदराने स्वतःचे कंटेनर टर्मिनलही कंपन्यांच्या हाती सोपवले. जमीन सरकारला दिली होती, मुलाखत कंपनीत द्यायची.

त्या मुलाखतीत जे विचारले जाते त्याचा अभ्यास झालेला आहे. २००७ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त सुखदेव थोरात व पॉल अॅटवेल यांनी दाखवले की शिक्षण सारखे असूनही आडनावावरून दलित वा मुसलमान वाटणाऱ्या अर्जांना बोलावणे कमी येते. त्याच वर्षी सुरिंदर जोधका व कॅथरिन न्यूमन यांनी मोठ्या कंपन्यांच्या अधिकाऱ्यांना बोलते केले, तेव्हा जात पाहत नाही असे सांगणारे अधिकारी 'कौटुंबिक पार्श्वभूमी' मात्र आवर्जून विचारतात असे आढळले. वडील काय करतात, भावंडे किती, घरी वातावरण कसे. पार्श्वभूमी हा शब्द सौम्य आहे, म्हणून जपून वापरावा. १८७१ च्या कायद्याने जन्मालाच गुन्ह्याची पार्श्वभूमी ठरवले होते, आणि लातूरच्या सूतगिरणीत काम केलेल्या लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ मध्ये आले तेव्हा तो कायदा रद्द होऊन पस्तीस वर्षे झाली होती. कायदा गेला, पार्श्वभूमी गेली नव्हती.

२०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याकडून काहींनी अपेक्षा केल्या. परंतु नोकरीच्या प्रयोजनासाठी आणि मालकाला नुकसानीपासून वाचवण्यासाठी माहिती वापरायची असल्यास संमतीची गरज नाही, अशी तरतूद त्याच कायद्यात आहे. फडक्यातला जुडगा आता उमेदवाराच्या हातातही राहिलेला नाही. तो कुण्या तिसऱ्याच संस्थेच्या संगणकात असतो.

२५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून विमाने उडू लागली. विमानतळाच्या आत काम करायचे तर प्रवेशपत्र लागते आणि त्यासाठी पूर्वचारित्र्याची पडताळणी. नमुन्यात 'कायमचा पत्ता' असा रकाना असतो. बंदरासाठी जुने शेवा गाव उठले आणि लोकांची वस्ती दुसरीकडे झाली. त्या गावात जन्मलेल्या माणसाने जन्मस्थानापुढे 'शेवा' लिहायचे, आणि पडताळणीला आलेल्याने ते कंटेनरच्या थप्प्यांखाली शोधायचे.