उपोसथ, सरभञ्ञ आणि सामूहिक आनंद

बौद्ध धम्म हा केवळ दुःखाचे चिंतन करणाऱ्या विरक्तांचा धम्म असून त्यात सण, गायन व सामुदायिक आनंद यांना स्थान नाही, असा आक्षेप वारंवार घेतला जातो. दुसरीकडे, वैशाखी पौर्णिमेला विहारात गीते म्हणणे धम्माला धरून आहे काय, अशी शंका आपल्यातीलच काही काटेकोर उपासक व्यक्त करतात. या दोहोंचे उत्तर पालि साहित्यातच शोधावयास हवे.

महावग्गातील उपोसथक्खन्धकाचा आरंभ या दृष्टीने उद्बोधक आहे. अन्य पंथांचे परिव्राजक चतुर्दशी, पौर्णिमा-अमावास्या व अष्टमीला एकत्र जमून धर्मचर्चा करीत. लोक ती ऐकावयास जात आणि त्यांच्याविषयी प्रेम व श्रद्धा बाळगीत. हे पाहून मगधराज बिंबिसाराने भगवंतांना विनंती केली की, भिक्खुसंघानेही या तिथींना एकत्र यावे. भगवंतांनी अनुज्ञा दिली. भिक्खू जमले खरे. परंतु मौन धरून बसले. लोकांनी त्यांना मुक्या डुकरांची उपमा दिली! तेव्हा जमल्यावर धम्मकथन करावे, असा नियम झाला. म्हणजे उपोसथाची प्रथा मुळात लोकांच्या अपेक्षेतून घडली आहे, ही गोष्ट आपण सहसा ध्यानात घेत नाही.

आता गायनाविषयी. चुल्लवग्गात छब्बग्गिय भिक्खू धम्म लांबलचक गीतस्वरात गाऊ लागले, तेव्हा भगवंतांनी त्याचे पाच दोष दाखविले. गाणारा स्वतः स्वरात आसक्त होतो, ऐकणारेही होतात, गृहस्थ नावे ठेवतात, स्वराच्या कसरतीत समाधी भंगते आणि पुढील पिढी तेच अनुकरण करते. आक्षेपक येथेच थांबतात. परंतु त्याच प्रकरणात पुढे, सस्वर पठण करावे की नाही या संकोचात पडलेल्या भिक्खूंना सरभञ्ञाची स्पष्ट अनुज्ञा आहे. याचा अर्थ उघड आहे : निषेध स्वराचा नसून, अर्थाला गिळून टाकणाऱ्या स्वराचा आहे.

याचे सुंदर उदाहरण सोण कुटिकण्ण याचे. हा अवंतीचा, महाकच्चान थेरांचा शिष्य. त्याच्या प्रदेशात भिक्खू इतके विरळ होते की उपसंपदेसाठी दहा जणांचा संघ जमविण्यास त्याला तीन वर्षे लागली. तो जेतवनात आला, भगवंतांच्याच निवासस्थानी राहिला आणि पहाटे त्यांच्या सांगण्यावरून त्याने संपूर्ण अट्ठकवग्ग सस्वर म्हटला. भगवंतांनी त्याच्या वाणीची प्रशंसा केली. दीघनिकायाच्या सक्कपञ्ह सुत्तात तर पंचशिख गंधर्व वीणेवर गातो आणि त्याची तार व गळा एकमेकांशी जुळून आल्याबद्दल भगवान त्याला दाद देतात. ते गीत अर्धे बुद्ध-धम्माचे, अर्धे प्रेयसीचे, हे येथे नमूद केले पाहिजे. अष्टशीलातील सातवे शील नृत्य-गीत वर्ज्य करते, हे खरे. पण ते उपोसथ पाळणाऱ्याच्या त्या दिवसापुरते संयमाचे शील आहे, आनंदाविरुद्धचा निवाडा नव्हे.

आनंदाची मीमांसा अंगुत्तरनिकायाच्या पंचकनिपातात आहे. विमुक्तीच्या पाच आयतनांपैकी एक म्हणजे सज्झाय, ऐकलेल्या धम्माचे विस्ताराने पठण. अर्थ उमगत गेला की पामोज्ज उपजते, त्यातून पीती, मग काया शांत होते, सुख येते आणि चित्त समाहित होते. येथे आनंद हा शांतीच्या अगोदरचा टप्पा आहे.

पुढे हे स्वर अधिक व्यापक झाले. पाचव्या शतकाच्या आरंभी फाहियानने पाटलिपुत्रात बुद्धमूर्तींची रथयात्रा पाहिली. तेथे रात्रभर दिवे तेवत व गायन-वादन चाले. सातव्या शतकात इत्सिंग नालंदेत सुमारे दहा वर्षे राहिला. तो सांगतो की, भिक्खुसंख्या मोठी असल्याने सर्वांना एका जागी जमणे अवघड होई. म्हणून एक पाठक रोज सायंकाळी दालनादालनातून स्तोत्रे म्हणत फिरे. नवदीक्षितांना मातृचेटाची स्तोत्रे शिकवीत. स्तोत्रपठणाचे त्याने सहा लाभ दिले आहेत. बुद्धगुणांचे ज्ञान होते हा पहिला. पण छाती मोकळी होते आणि सभेत बोलण्याची भीती जाते, हेही त्यात आहे.

सभेत बोलण्याची भीती ज्यांच्यावर शतकानुशतके लादली गेली, त्या समाजाला या लाभाचे मोल निराळे सांगावयास नको. 1930 नंतरच्या दशकात भीमराव कर्डकांच्या जलशाने आणि पुढे वामनदादा कर्डकांच्या (1922–2004) गीतांनी गावोगाव हेच कार्य केले. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला लाखोंनी त्रिशरण-पंचशील एका स्वरात उच्चारले. ज्या उपासिकांना अक्षरओळख नव्हती त्यांनी वंदना कानांनी शिकून मुखोद्गत केली, आणि वर्षावासात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ याचे वाचन ऐकण्यास त्याच पुढे बसू लागल्या. त्यांच्या उच्चारात ऱ्हस्व-दीर्घाची चूक होते, अशी तक्रार पालिचे अभ्यासक करतात. चूक अवश्य सुधारावी; मात्र वंदना संपल्यावर.