स्फुरदाचा नकाशा

वाराणसीचा शिंदे घाट बायजाबाई शिंदे यांनी 1830च्या सुमारास बांधला. तिथलं कललेलं रत्नेश्वर मंदिर सगळे पाहतात; पायऱ्यांना लागणाऱ्या पाण्यातले जीवाणुभक्षक विषाणू कुणाच्या डोळ्यांना दिसत नाहीत. गंगा-यमुनेचं पाणी पटकीचे जंतू मारतं, पण उकळलं की ती ताकद जाते, अशी नोंद आग्र्याच्या अर्नेस्ट हँकिन यांनी 1896मध्ये केली. त्यामागे हेच विषाणू असावेत, असं आज मानतात. बनारस हिंदू विद्यापीठातले डॉक्टर अशाच विषाणूंनी चिघळलेल्या जुन्या जखमा बऱ्या करण्याचे प्रयोग करतात.

असा विषाणू म्हणजे प्रथिनांच्या कवचात कोंबलेला डीएनए. शेतकऱ्याच्या ओळखीचा स्फुरद डीएनएत ठासून भरलेला असतो, गंधक नसतो. गंधक सापडतो प्रथिनांत. म्हणजे स्फुरदाची जागा कळली की डीएनएची जागा कळली.

अशा जागांचा नकाशा काढण्याची विद्या मात्र आली धातुशास्त्राकडून. इलेक्ट्रॉनांचा मारा झाला की प्रत्येक मूलद्रव्य ठरलेल्या ऊर्जेचे क्ष-किरण सोडतं. त्याचा नियम हेन्री मोस्ले यांनी 1913मध्ये मांडला. दोन वर्षांनी, 27व्या वर्षी, ते गॅलिपोलीच्या लढाईत मारले गेले. फ्रान्सच्या रेमाँ कास्तें यांनी 1951च्या प्रबंधात या किरणांवरून सूक्ष्म ठिकाणचं मूलद्रव्य ओळखून दाखवलं. 1956मध्ये केंब्रिजच्या कॉसलेट आणि डंकम्ब यांनी इलेक्ट्रॉनांचा झोत नमुन्यावर ओळीओळीनं फिरवला. हवा तो किरण आला की पडद्यावर ठिपका उमटे. ठिपक्यांचा तो नकाशा!

पेशीत मोजायचे अणू फार थोडे, म्हणून टोरांटोच्या ओटेन्समायर यांनी दुसरी वाट धरली. नमुन्यातून पार होताना इलेक्ट्रॉन किती ऊर्जा गमावतो, ते पाहायचं. स्फुरदाची खूण 132 इलेक्ट्रॉन-व्होल्टला सुरू होते. तिच्या अलीकडचं आणि पलीकडचं चित्र घ्यायचं नि एकातून दुसरं वजा करायचं. उरतो तो स्फुरद. 1981मध्ये बॅझेट-जोन्स यांच्यासह त्यांनी न्यूक्लिओसोममधला, म्हणजे प्रथिनांभोवती गुंडाळलेल्या डीएनएमधला, स्फुरद असा दाखवला. या कुळातला सर्वांत देखणा प्रयोग माझ्या मते हाच.

याच वाटेनं 2016मध्ये सॅन दिएगोच्या रॉजर त्सिएन आणि मार्क एलिसमन यांच्या गटानं लॅन्थॅनम, सेरियम, प्रॅसिओडिमियम यांच्या खुणा पेशीतल्या वेगवेगळ्या रेणूंवर बसवल्या आणि करड्या चित्रात रंग भरले.

क्ष-किरणांच्या नकाशात एक अडचण आजही छळते. पेशी टिकवायला वापरतात तो ऑस्मियम 1.91 किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टला चमकतो, स्फुरद 2.01ला. शिसं तसंच गंधकाला खेटून बसतं. तेव्हा स्फुरदाचा असा नकाशा समोर आला, तर आधी विचारा: नमुन्यात ऑस्मियम घातला होता का?