परकीय भांडवल कशासाठी येते?

परकीय भांडवल कशाला आकर्षित होते, हे मला वारणानगरजवळच्या पन्हाळ्याच्या इतिहासातून अधिक नीट कळते.

1660 मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा राजापूरच्या वखारीतले इंग्रज तोफा-दारूगोळा घेऊन त्याच्या मदतीला आले. आज हा वेढा कोणी हिंदू-मुस्लिम लढाई म्हणून रंगवतो. इंग्रजांसाठी मात्र तो सवलतींचा हिशेब होता. 1661 मध्ये शिवाजी महाराजांनी राजापूरची वखार लुटून त्यांना कैद केले.

तेच इंग्रज 1674 मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी रायगडावर आले. हेन्री ऑक्झेंडनच्या मागण्या होत्या नुकसानभरपाई, वखारींची परवानगी आणि अडीच टक्के ठरलेली जकात. महाराजांनी बहुतेक मान्य केल्या. किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजांचा माल परत देण्याचे कलम मात्र नाकारले. परक्यांना व्यापार करू द्यायचा, पण अटी ठरवताना आपला हक्क सोडायचा नाही, असे ते धोरण होते.

सुरक्षितता, ठरलेला कर, बंदर आणि बाजारपेठ यांच्या शोधात भांडवल आजही असते. 1991 च्या उदारीकरणानंतर 1992 मध्ये एन्रॉन दाभोळला आली. 1995 मध्ये सरकार बदलले, करार रद्द झाला, 1996 मध्ये नव्याने झाला. 1999 मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली आणि महागडी वीज मंडळाला न परवडल्याने 2001 मध्ये बंद पडली. करार दोन्ही बाजूंना पेलणारा नसेल, तर सवलती देऊनही काही टिकत नाही.

याउलट चाकणला 2009 मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना उभा राहिला, तो पुणे परिसरात सुटे भाग बनवणारे, कुशल कामगार आणि मुंबईकडे जाणारा रस्ता आधीच असल्यामुळे.

वारणेतही तेच घडले. तात्यासाहेब कोरे यांनी शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर साखर कारखाना उभा केला, मग दूध संघ, 1983 मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय. दूध, यंत्रे आणि माणसे तयार होती, म्हणून कॅडबरीसारख्या परदेशी कंपनीची बोर्नव्हिटा इथे बनू लागली.

म्हणून दावोसमधल्या करारांचे आकडे ऐकले की मी एवढेच विचारतो: आपल्या गावात वीज, रस्ता आहे का? मोहल्ल्यातल्या मुलामुलींना आयटीआयचे, अभियांत्रिकीचे दार उघडे आहे का? घरची तयारी नसेल, तर आलेला पाहुणाही दारावरूनच परत जातो.