वाढदिवसाचा खाऊ

अमरावती-अकोल्याकडील शाळांत वाढदिवस असलेले मूल गणवेशाऐवजी नवे कपडे घालून येते आणि वर्गात चॉकलेटे वाटते. ही रीत आता इतकी रुळली आहे की ती पूर्वापार असावी असे वाटते. वस्तुतः सर्वसामान्य वऱ्हाडी घरांतील मुलांना 'जन्मतारीख' ही गोष्टच मुळात शाळेने दिली. नाव घालताना आईबापांना तारीख सांगता येत नसे. मूल पोळ्याच्या सुमारास झाले, एवढेच ठाऊक असे. मग गुरुजी वयाचा अंदाज बांधून दाखल-खारीज रजिस्टरात १ जून ही तारीख लिहीत. अशा रीतीने मागच्या पिढ्यांतील कितीतरी माणसे कागदोपत्री एकाच दिवशी जन्मली, आणि तीही भर उन्हाळी सुट्टीत! जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ साली झाला. पुढे जन्मदाखले सर्रास मिळू लागले तेव्हा ही पद्धत मागे पडली. तोवर वर्गात वाढदिवसाचा खाऊ वाटण्याचा प्रश्न फारसा उद्भवलाच नाही.

वाढदिवसाचा विधी परंपरेला अपरिचित होता असे मात्र नव्हे. काशीनाथ उपाध्याय यांच्या 'धर्मसिंधू'त (१७९०) वर्धापनविधी दिलेला आहे. त्यात मार्कंडेयादी चिरंजीवांचे पूजन करून तीळ-गूळ मिसळलेले दूध प्यावे असे सांगितले आहे. परंतु तो विधी तिथीचा, पंचांग जवळ असणाऱ्या घरांचा आणि घरातल्या घरात आटोपणारा.

मुलांच्या सामाईक खाऊचे दिवस वेगळे होते. रामनवमी आणि गोकुळाष्टमी हे देवांचे वाढदिवस. तेव्हा हातावर पडणारा सुंठवडा म्हणजे सुंठ, खोबरे, साखर. बाळंतिणीच्या खुराकाशी त्याचे नाते उघड आहे. संक्रांतीनंतरच्या बोरन्हाणात बाळाच्या डोक्यावरून बोरे, मुरमुरे, उसाचे तुकडे, भुईमुगाच्या शेंगा ओतल्या जात आणि शेजारची मुले त्या वेचून खात. हा खाऊ शेतातून आलेला, ऋतूला धरून असलेला आणि बाजारभावाने न मोजला जाणारा होता.

तथापि या स्मृतीने हुरळून जाणे बरे नव्हे. देवळातला प्रसाद सर्वांच्या हातावर सारखा पडत नव्हता. अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून १९२७ साली अस्पृश्य समाजाला सत्याग्रह करावा लागला, हे आम्ही वऱ्हाडातील माणसांनी विसरू नये. सर्व जातींची मुले एका ओळीत बसून एकच घास खातील ही शक्यता खऱ्या अर्थाने शाळेने निर्माण केली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झालेली शालेय पोषण आहाराची राष्ट्रीय योजना, आणि शिजवलेलेच अन्न द्यावे हा सर्वोच्च न्यायालयाचा २८ नोव्हेंबर २००१ चा आदेश, यांचे महत्त्व म्हणूनच केवळ उष्मांकांपुरते नाही.

या पार्श्वभूमीवर चॉकलेटाचा विचार करावा. जातीने मोडलेली ओळ आता पैशाने मोडू लागली आहे. कोणी महागडी वडी वाटतो, कोणी साधी गोळी. ज्याला काहीच आणता येत नाही तो वाढदिवसाच्या दिवशी घरीच राहतो. मेळघाटातील कुपोषण ज्या जिल्ह्याने पाहिले, त्याच जिल्ह्यात साखर हे आनंदाचे एकमेव परिमाण ठरावे, हा विरोधाभास अस्वस्थ करणारा आहे. शाळेत आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत अतिगोड, अतिखारट, तेलकट पदार्थ विकण्यास २०२० च्या केंद्रीय नियमांनी मनाई केली. पण नियम विक्रीला लागू पडतो, दप्तरातून आलेल्या पुड्याला नाही.

ती जागा शिक्षकांनी भरायची आहे. गूळ-शेंगदाणे, फुटाणे, राजगिऱ्याचा लाडू, केळी, हंगामात वरुड-मोर्शीची संत्री, यांतले काहीही चालेल. मात्र वर्गाने एकदा ठरवावे आणि सर्वांसाठी तेच असावे. पीएम पोषण योजनेने २०२१ पासून पुरस्कारलेले, मूळ गुजरातेतील 'तिथी भोजन' याच दिशेचे आहे: घरातील आनंदाच्या दिवशी शाळेच्या पंगतीत आपली भर घालावी. ज्या शाळेने आमच्या मुलांना जन्मतारीख दिली, तिनेच त्या तारखेचा खाऊही सर्वांना परवडेल असा ठरवून द्यावा, ही अपेक्षा अवाजवी नाही.